कोरडा शनिवार

२१ जुलै, सोमवार

डावीकडे कवळी टोचते आहे. मीठपाण्याच्या गुळण्या केल्या, फरक नाही.

मंदाताई आली. गल्लीतलीच सून, आशा वर्कर. उंबऱ्यातूनच म्हणाली, "काका, तुमचा आवाज पाहिजे." मला वाटलं, कोणीतरी गेलं. माझा आवाज लोकांना बहुतेक तेव्हाच लागतो. मंडप-भोंगे भाड्याने देणाऱ्या बिछायतीच्या दुकानात जन्मभर माईक धरला. लग्नात 'पाहुणे मंडळींनी पंगतीला बसून घ्यावे', आणि एरवी 'अंत्ययात्रा दुपारी दोन वाजता राहत्या घरून'. दात गेले तसा माईक मीच सोडला.

पण काम वेगळं निघालं. मौद्याकडे डेंग्यूचे पेशंट सापडले आहेत. नागपूरच्या आरोग्य प्रचाराच्या मॅडम एक सूचना रेकॉर्ड करून भोंग्याच्या ऑटोवर गावोगावी फिरवणार. शहरी आवाज नको म्हणतात. "लोकायले आपल्यातला वाटला पाहिजे म्हणे," मंदा म्हणाली. "मी तुमचं नाव सांगून टाकलं."

हो म्हटलं. ती गेल्यावर घोर लागला. कवळी लावली की माझा 'स' शिट्टी मारतो. डास, साचलेलं, नासलेलं, संडास. या रोगाच्या सगळ्या शब्दांत स.

२४ जुलै, गुरुवार

नागपूरला जाऊन आलो. घरून निघताना गॅस बंद केला की नाही, दोनदा मागे फिरून पाहिलं. बस चुकली, दुसरी घेतली.

खोली अशी की भिंतींना गाद्या लावलेल्या. स्वतःचा श्वास ऐकू येतो. मॅडम वयाने माझ्या सुनेएवढ्या, बोलायला चांगल्या. कागद दिला. पाचवीपर्यंतच शिकलो, पण छापील वाचायला मी कोणाला हार जात नाही. कागदावर होतं: 'पाण्याची भांडी, टाक्या व कूलर रिकामे करून, आतून घासून-पुसून, दर शनिवारी कोरडा दिवस पाळा.'

तीनदा वाचलं. तिन्ही वेळा 'घासून-पुसून'वर शिट्टी. एकटा स जिभेखाली दाबता येतो, दोन लागोपाठ आले की निसटतात. मशीनवाला मान खाली घालून हसत होता. मला दिसलं.

मीच म्हटलं, "मॅडम, हे घासून-पुसून काढलं तर नाही चालणार?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. वाक्य तसंही लांबच होतं म्हणाल्या. पेनाने काट मारली, मग तिथेच आणखी थोडी. शेवटी राहिलं ते असं: 'गावकरी बंधू-भगिनींनो, डेंग्यूपासून गावाला वाचवा. पाणी साचू देऊ नका. दर शनिवारी कोरडा दिवस पाळा.' एका दमात झालं. शिट्टी नाही.

मी विचारलं, "कोरडा दिवस म्हणजे काय ते लोकांना कळेल नं?"

"सगळीकडे हाच शब्द आहे काका. वरून आलेला."

पुढे विचारलं नाही. दुपारी जरीपटक्याला मुलाकडे, सुनीलकडे जेवलो. सूनबाईने भात मऊ केला होता. सुनील म्हणाला, "बाबा, आता तुम्ही फेमस." परतीच्या बसमध्ये जिभेने कवळी चाचपत बसलो. शब्द कापले ते रोगासाठी की माझ्या दातांसाठी. लिहून ठेवतो.

२६ जुलै, शनिवार

नऊ वाजता दाढी करत होतो. गल्लीच्या तोंडाशी माझाच आवाज. ब्लेड गालावर थांबलं. बाहेरून ऐकला की तो माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी तरणा वाटतो.

ऑटो कन्हानच्या गेंदलालचा. तो कुठे थांबत नाही. वाक्य एका घरासमोर सुरू होतं, चौथ्या घरासमोर संपतं. म्हणजे कोणाच्या वाट्याला डेंग्यू येतो आणि कोणाच्या वाट्याला नुसता कोरडा दिवस. मागे पळत गेलो, म्हटलं, चौकात उभा राहून वाजव गा.

"भाऊ, बीस गाँव करना है. रुकूं कैसे? तुम्हीच सांगा."

ठेल्यावर पान लावणारा वामन म्हणाला, "नामदेवभाऊ, शनिवारी ड्राय डे करून राहिले म्हणे तुम्ही? मंग मानसानं प्यावं तरी कवा?" चार जण होते, सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी बाईकडे गेलो. सरस्वती, माझी सख्खी मोठी बहीण. मी बाई म्हणतो म्हणून गावही बाईच म्हणतं. मागच्या गल्लीत एकटी राहते. हातमाग विकला, पण मागाचा खड्डा तिने बुजवू दिला नाही. त्यावर फळी टाकून बसते. ऐकू फार कमी येतं, तरी माझा आवाज तिला ओळखू आला होता.

"आयकलं गा, आयकलं. कोरडा दिवस म्हने. चांगलं सांगतलं."

"पाळशील नं मग?"

"पाळशील म्हंजे? आजपासूनच पाळला."

बरं वाटलं. गावात कोणी ऐको न ऐको, घरच्या माणसाने पहिल्याच दिवशी ऐकलं.

२ ऑगस्ट, शनिवार

मंदाबरोबर घरं पाहत फिरलो. ड्रम भरलेले, रांजण भरलेले, कूलरांच्या टाक्यांत उन्हाळ्यापासूनचं पाणी. एकीने स्पष्टच सांगितलं, "काकाजी, नळ येते दिवसाआड. उद्या नाही येनार. आज ड्रम रिकामा करू तं लेकराइले काय पाजू? तुमचा भोंगा पाजनार हाय?"

तिचं खोटं नाही. माईकवर बोलणाऱ्याला नळाची वेळ माहीत नसते. मला तर माहीत होती, तरी वाचून आलो.

घरी येऊन माझीच भांडी पाहिली. रांजण ठीक. फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी, आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. सूचना देणाऱ्याच्या घरी. ट्रे उन्हात घासून ठेवला. हे कोणाला सांगितलं नाही, इथे लिहितो.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी.

बाईने राखी बांधली. पेढा भरवला. मला पाणी दिलं, चहा केला, स्वतः घेतला नाही. "आज नाही," म्हणाली. भावासाठी धरला असेल काही नेम म्हणून विचारलं नाही. बाईचे उपास वाढत चालले. या वयात बरे नव्हे. ओठ सुकलेले दिसले.

तिच्या पडवीत कूलर उभा आहे, टाकी अर्धी भरलेली. सांगू म्हटलं. पण सणाचा दिवस, कवळी पेढ्याने चिकटलेली, राहून गेलं.

११ ऑगस्ट, सोमवार

बाईला ताप. अंग भाजतं आहे. डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणते.

मंदाने कार्डावर लिहून घेतलं. उद्या रक्त नेणार. ती बाहेर आली आणि कूलरमध्ये टॉर्च मारला. टाकी आडवी करून ओतून दिली आणि आतून घासली. मी उभा होतो.

१४ ऑगस्ट, गुरुवार

डेंग्यू निघाला. सुनील गाडी घेऊन आला, बाईला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं. प्लेटलेटच्या पेशी कमी. डॉक्टर म्हणाले, "अंगातलं पाणी फार कमी आहे, आजी पाणी पीत नव्हत्या का?" मी म्हटलं, पीत असेल, मला काय माहीत. खरंच माहीत नव्हतं.

सलाइन लावली. तोंडानेही थोडं थोडं सारखं द्यायचं आहे. दिवसा मी, बाकी वेळ सूनबाई. मी ग्लास धरतो आणि घोट मोजतो. बाई म्हणते, "मोजू नको गा, नजर लागते." मग मनातल्या मनात मोजतो.

१६ ऑगस्ट, शनिवार

हे नीट लिहायचं आहे.

सकाळी आठला ग्लास पुढे केला. बाईने हाताने बाजूला सारला.

"आज नाही."

सिस्टर म्हणाली, आजी, प्यावंच लागेल. बाईने तोंड भिंतीकडे केलं. साडेनऊला पुन्हा तेच. ओठांवर पापुद्रे आलेले. डॉक्टर येऊन रागावून गेले. हे दोन दिवस फार जपायचे आहेत म्हणाले, ताप उतरला म्हणून धोका टळला असं नाही.

मी वाकून म्हटलं, "बाई, पानी पे वं. काहून असं करून राहिली?"

"शनिवार हाय गा."

"मंग?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी पाढा चुकलो की पाहायची. "तूच तं सांगतं नं भोंग्यातून. गावाले वाचवा, कोरडा दिवस पाळा. तीन पाळले म्या. थुका बी नाही गिळला. आता चौथा काहून मोडू? ताप गावातून जाऊन राहिला असंन तं मधातच परत येईन."

खाली बसलो. मग तिच्या कानाशी ओरडलो, "ते भांड्यायचं होतं, बाई! भांडे कोरडे! तोंड नाही!"

"आँ?"

"भांडे!"

"भांड्यानं काय पाप केलं? भांडे कशाले उपाशी ठेवाचे?"

शेजारच्या खाटेवरचा मनुष्य उठून बसला. मी म्हटलं, अवं, मी सांगतो नं, मीच सांगितलं होतं, आता मीच सांगतो, पे. तर म्हणते, "तू सांगतं ते तुह्या एकट्याचं. भोंग्यातलं सांगनं साऱ्या गावाचं असते. ते तुह्यानं नाही मोडत."

चाळीस वर्षं मीच लोकांना हे शिकवलं. माईकवर आलं म्हणजे पक्कं. अंत्ययात्रेची वेळ माईकवर सांगितली की घरचेसुद्धा ती बदलत नसत.

मग जे केलं ते लिहिताना लाज वाटते. उभा राहिलो, दोन्ही हातांचा भोंगा करून तोंडाशी धरला, आणि भर वॉर्डात ओरडलो, "हॅलो, हॅलो. सर्व गावकरी बंधू-भगिनींना कळविण्यात येते की, आजचा कोरडा दिवस रद्द करण्यात आलेला आहे. तरी सर्वांनी पाणी प्यावे. विशेषतः सरस्वतीबाईंनी पाणी प्यावे."

'सरस्वतीबाईंनी'वर अशी शिट्टी गेली की दारातला वॉर्डबॉय वळून पाहायला लागला. शेजारचा म्हणाला, "आम्ही बी प्यावं का भाऊ?" सिस्टर तोंडाला रुमाल लावून बाहेर गेली.

बाई विचार करत होती. "रद्द? कोणं केला?"

"वरून आलं."

"मंग ठीक हाय," म्हणाली, आणि ग्लास स्वतःच्या हाताने घेतला. पूर्ण प्याली. दुसरा मागितला.

मी व्हरांड्यात जाऊन बाकावर बसलो. वरून काही आलं नव्हतं. रद्द झालं असं वरून कधीच येत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

पेशी आणखी उतरल्या. पाणी पिते आहे. डॉक्टर म्हणतात, वाट पाहायची. सूनबाईने आठवण करून दिली तेव्हा जेवलो.

सारखं तेच डोक्यात. 'घासून-पुसून' राहिलं असतं तर वाक्यात भांडी राहिली असती. भांडी राहिली असती तर बाईने स्वतःला कोरडं ठेवलं नसतं, कूलर ठेवला असता. तिचं घर ओलं राहिलं आणि ती कोरडी.

सुनील म्हणतो, "बाबा, डेंग्यू डासाने झाला, तुमच्याने नाही." बरोबर आहे त्याचं. पण डास मारायलाच तर मला नेलं होतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

पेशी तेवढ्याच. उतरल्या नाहीत.

मंदाचा फोन. तिने गावात एकेका घरी विचारलं, कोरडा दिवस म्हणजे काय समजले. आणखी दोन म्हाताऱ्या पाण्यावाचून राहत होत्या. एका घरी त्या दिवशी अंघोळी बंद. वामनच्या ठेल्यावर तर ते दारूचंच धरून बसले आहेत. "काका, मीबी घरोघर जाऊन कोरडा दिवस, कोरडा दिवसच करत होती," म्हणाली. "मले तरी कुठं सुचलं विचारायचं."

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "आजी कशा आहेत?" मी म्हटलं, आहेत. म्हणाल्या, क्लिप बदलायला पाहिजे, पण शब्द ठरलेला आहे, सगळ्या जिल्ह्यात तोच आहे, मी वर लिहिते. मी सांगून टाकलं की ते दोन शब्द मी दातांमुळे काढायला लावले. त्या म्हणाल्या, "काट तर मीच मारली होती ना, काका."

चांगल्या बाई आहेत. तरी मला हलकं वाटलं नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

पेशी चढल्या! थोड्याच, पण वर. बाईला उशी लावून बसवलं. वरणाचं पाणी प्याली.

आज तिला सारं सांगितलं, दातांपासून. कानाशी ओरडून, म्हणजे अख्ख्या वॉर्डालाच सांगितलं. तिला राग येईल म्हणून मी तयारीत होतो. ती हसायला लागली. "शिट्टीची लाज वाटली तुले? लहानपनी शिट्ट्या मारूनमारून गाव डोक्यावर घेत होता. माय मागं काडी घेऊन पळे."

मग शब्दावर आलो. मी म्हटलं, कोरडा नको तर काय म्हणावं? रिकामा दिवस?

"पान्याच्या भांड्याले रिकामं म्हनू नये. कोनती बाई करन?"

भांडी पालथी घालायचा दिवस?

"मानूस गेलं का माठ पालथा घालते. तू का गावाले मारतं?"

खरंच. मॅडमच्या कागदावर हे कुठे लिहिलेलं असणार. मी म्हटलं, मग तूच सांग.

"आमी काय म्हनतो? आज पान्याचा गुंड घासाचा हाय. ड्रम घासाचा हाय. बस. सोमवार, मंगळवार, तसा एक घासनवार." आणि पुढे, "आन् शनिवारच काहून गा? नळ याच्या आंधी ड्रम तळालेच असते. तवाच घासला तं पानी बी वाया नाही जात."

मी औषधाच्या पाकिटावर लिहून घेतलं. घासणवार. नळ येण्याआधी. दोन तारखेला त्या ड्रमवालीने मला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर इथे खाटेवर मिळालं.

स न दाबता मोठ्याने म्हणून पाहिलं. शिट्टी. बाईला ऐकू आली नसावी. की आली असेल. हसत होती.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पेशी आणखी वर. मॅडमकडून काही नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार. पोळ्याचा दुसरा दिवस.

सूनबाई बाईजवळ होती म्हणून काल संध्याकाळी गावी आलो. आज मारबत, रोगराई वेशीबाहेर घालवायचा दिवस. गेंदलालचा ऑटो शनिवारी येणारच, हे डोक्यात होतं. त्याला काल फोनवर म्हटलं, आमच्या गावात वाजवू नको. तो म्हणाला, "भाऊ, मेरा काम बजाने का है. नाही वाजवलं तं माह्यावरच येईन."

सकाळी लोक पळसाच्या फांद्या घेऊन घराघरांतून निघाले. 'रोगराई घेऊन जाय गे मारबत! खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत!' गर्दी वेशीकडे चालली आणि समोरून ऑटो. गर्दीमुळे त्याला थांबावंच लागलं. पहिल्यांदा तो आमच्या गावात थांबला. भोंग्यातून मी, 'कोरडा दिवस पाळा.'

मी जाऊन बटण बंद केलं. गेंदलाल म्हणाला, "अरे भाऊ!" मी म्हटलं, माईक आहे का? सीटखाली होता, धूळ बसलेला. फुंकर मारली. माईक हातात आला तशी बोटं आपोआप बटणावर गेली. पूर्वीही असंच व्हायचं.

काय बोललो ते पूर्ण आठवत नाही. म्हटलं, मी नामदेव, हा आता खरा मी आहे, रेकॉर्डिंग नाही. मी चुकीचं सांगितलं. माझी बाई त्यापायी पाण्यावाचून राहिली, ती दवाखान्यात आहे. कोणी तहानेलं राहू नका. ताप असेल तर जास्त प्या. नळ यायच्या आधी ड्रम, रांजण, गुंड, कूलर आतून घासून-पुसून घ्या, डासांची अंडी आतल्या भिंतीला चिकटून असतात. त्याला घासणवार म्हणा.

'घासून-पुसून'ला कवळीने काही बाकी ठेवलं नाही. भोंग्यातून शिट्टी वेशीपर्यंत गेली असेल. मी थांबलो. कोणीतरी हसलं, मग बरेच हसले. मग बायकांच्या बाजूने कोणी ओरडलं, "मच्छर-अळ्या घेऊन जाय गे मारबत!" आणि सगळ्यांनी तेच धरलं. मिरवणूक पुढे गेली.

गेंदलाल म्हणाला, "भाऊ, सीटी भारी हाय तुमची." मंदाने सगळं मोबाइलवर घेतलं होतं.

वामन ठेल्यावरून ओरडला, "नामदेवभाऊ, शिट्टीवार कवा हाय?" आता हेच नाव पडणार. पडू दे.

२५ ऑगस्ट, सोमवार

मंदाने ते रेकॉर्डिंग मॅडमना पाठवलं. त्यांचा फोन आला. "काका, तीनदा ऐकलं. पटलं मला. वर पाठवलंय." मी विचारलं, मग बाकीच्या गावांत? "मंजुरी येईपर्यंत जुनीच क्लिप राहील. तुमच्या गावात तुम्ही थेट बोला, त्याला कोणी काही म्हणणार नाही."

मी म्हटलं, बाकीच्या गावांत निदान बंद तरी ठेवा. म्हणाल्या, "ताप वाढतोय काका. पूर्ण बंद ठेवलं आणि कोणी काहीच केलं नाही, तर?"

कोणीतरी ती क्लिप ऐकून कूलर ओतून देतही असेल. आणि कोणीतरी ग्लास बाजूला सारत असेल. दोघांना सांगणारा आवाज माझाच.

मंदाला म्हटलं, शेजारच्या गावांतल्या आशाताईंना फोन कर, म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम विचारायला सांग. तिने चौघींना केला. दोघींनी उचलला.

२८ ऑगस्ट, गुरुवार

बाई काल घरी आली. अशक्त आहे. गणपतीच्या मंडपातले भोंगे ऐकून मला विचारते, "तू हाय का त्यात?" नाही म्हटलं.

आज आमच्या भागात नळाचा दिवस. पहाटे उठून तिचा ड्रम घासला. गल्लीतून घासण्याचे आवाज येत होते. किती घरांतून, ते मोजायला गेलो नाही. मोजलं की मग उरलेली घरं मोजत बसतो.

मंजुरी आली का, मॅडमना विचारलं. "अजून नाही काका. रोज विचारते."

३० ऑगस्ट, शनिवार

सकाळी गेंदलालला फोन केला, आज कुठे? म्हणाला, "नदी के उस पार. पाँच गाँव." मी येतो म्हटलं, माईक मी धरतो. तर तो निघून गेला होता. पलीकडे जायला बस दुपारशिवाय नाही.

बाईच्या अंगणात जाऊन बसलो. कूलर घासून उन्हात उलटा ठेवला आहे. बाई फळीवर बसून तांदूळ निवडत होती. वारा नदीकडून होता. आधी वाटलं भास. मग शब्द लागले. माझाच आवाज, पलीकडच्या काठावरून. साफ, तरणा, एकही शिट्टी नाही. ऑटो चालता असणार, कारण वाक्याचं शेपूटच तेवढं येत होतं. '...कोरडा दिवस पाळा.' मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, जरा लांबून, तेवढंच.

बाईला ते ऐकू येण्यासारखं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"काय झालं गा?"

"काही नाही. पानी पे."

"आता तं पेली."

"आनखी पे वं."

तिने गडू उचलला, दोन घोट घेतले आणि उरलेलं माझ्यापुढे सरकवलं. मी हातात धरून बसलो. दुपारच्या बसला अजून दोन तास आहेत.